स्टीलच्या डब्यातले सेल

नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशात मला दोन जाडजूड बॅटरी सेल सापडले. "सायकलच्या दिव्याचे," तो म्हणाला. मला मुळीच पटलं नाही. आमच्या दोन्ही सायकलींचे दिवे केबल लावून चार्ज होतात, त्यांत सेल घालायला जागाच नाही. शिवाय हल्ली तो स्टेशनवरून घरी आला, की कपड्यांना आंब्याच्या गोळीचा वास यायचा. सासरे फुप्फुसांच्या आजाराने गेले, तेव्हा त्यांच्या फोटोसमोर शपथ घेऊन ह्यानं सिगारेट सोडली होती.

भांडले नाही. मुद्दाम सेलचीच चौकशी केली. "घरात ठेवायला धोक्याचे नाहीत ना?"

स्वारी खुलली. "कोबाल्टवाले जास्त वेळ चालतात, पण तापले की आवरत नाहीत. मँगनीजवाले त्या मानानं शांत. आयर्न फॉस्फेटवाले सगळ्यांत गरीब, पण चार्ज कमी धरतात. आता एकदम जास्त करंट ओढायचा असेल तर..."

"सायकलचा दिवा एवढा करंट ओढतो?"

त्यानं चहाच्या कपात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी मी सेल लपवले. बघू तरी, मागतो का! आपल्याकडे जपून ठेवायची वस्तू जाते कुठे, तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. बेसनाच्या लाडवांचा डबा रिकामा होता, त्यात ठेवले. संध्याकाळी ह्यानं खिसे, बॅग, ड्रॉवर सगळं धुंडाळलं, पण तोंडातून चकार शब्द नाही. हा पुन्हा काहीतरी ओढतोय, अशी आता तर माझी खात्रीच पटली. रागही आला, आणि रडूही.

"सेल शोधतोयस ना?" शेवटी मीच म्हणाले. "नीट ठेवलेत. स्टीलच्या डब्यात."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. धावत स्वयंपाकघरात गेला, डबा उघडला आणि दोन्ही सेल उचलून पोळपाटावर लांब लांब ठेवले. "अगं, ह्याचं वेष्टण फाटलंय! डब्याला नको तिथं टेकला असता तर पेटला असता. घर जळलं असतं आपलं!"

मग हळूच म्हणाला, "वेपचे आहेत, त्या इलेक्ट्रिक सिगारेटचे. हा फाटका उद्याच सुपरमार्केटातल्या जुन्या बॅटऱ्या टाकायच्या पेटीत टाकतो. फॉस्फेटवाले आणतो, ते सहसा पेटत नाहीत."

मी भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघितलं.

"त्यांना काय सांगू? सेल सुरक्षित आहेत म्हणून?"