पाण्यावरचा तवंग

सकाळी तरणतलावाच्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. सुंदर वाटला, म्हणून वाकून पाहिलं तर खोबरेल तेलाचा वास आला. क्लोरीननं केस जातात म्हणून आमचे शेजारी काका डोकं तेलानं चोपडतात आणि शॉवर टाळून थेट उडी मारतात.

"काका, आधी अंग धुवा ना!"

"अगं, पाण्यातच तर चाललोय!"

असा संताप आला! हाच माणूस घरी पारोशानं देवाला हात लावत नाही. पाणी सगळ्यांचं झालं की त्याचा मान कुठे जातो? पोहायला शिकणारी लेकरं तेच पाणी गिळतात, लाल डोळे चोळत घरी जातात.

पोहून बाहेर आल्यावर काका मात्र तिथल्याच शॉवरखाली साबणानं खसाखसा अंग घासत होते. मला म्हणाले, "काय करणार, पाणी फार घाण असतं गं इथलं."