तिनदा वाजला तर माणूस

मास्तर समोर आला की माणसं आपोआप खिसे चाचपायची. पोलिसाला पाहून चाचपतात तशी नाही. देवळाच्या पायरीशी आल्यावर पाय जसा न सांगता चपलेतून निघतो, तसा हात फोन घेऊन खिशातून निघायचा. नागपुरातले मोठमोठे वकील, डॉक्टर, फौजेतून निवृत्त झालेले साहेब. कोणी शहाण्यानं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. मास्तर सांगायचाही नाही. नुसता हात पुढे करायचा. मी हे वीस वर्षं पाहिलं, आणि दर वेळी मला नवल वाटलं.

आमचा क्लब गोल्फचा. मेंबर लोकांच्या काठ्यांची जड थैली उचलून त्यांच्यासोबत चालतो तो कॅडी, आणि कोणता कॅडी कोणत्या साहेबासोबत जाणार हे ठरवतो तो कॅडीमास्तर. म्हणून तो मास्तर. शाळेचा काही संबंध नाही. शाळा त्याची माझ्याएवढीच, चौथीपर्यंत. तोही कधीकाळी कन्हानहून अनवाणी आलेला कॅडीच होता. मी तिथे माळी होतो. गवत कापायचं, पाणी द्यायचं, वाळूच्या खड्ड्यांवर दाताळं फिरवायचं. मास्तर अंगानं काटक, रंगानं काळा. नागपूरच्या मे महिन्यातही पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटन लावलेलं. आवाज इतका हळू, की ऐकायचं असेल तर समोरच्याला गप्प व्हावं लागे. मला वाटतं अर्धी शिस्त त्यानं त्या आवाजानंच लावली.

मोबाईल आले तेव्हा कमिटीनं नियम केला की गवतावर फोन न्यायचा नाही. काचेत नोटीस लागली. कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग मास्तरनं अडगळीतून एक जुनी लाकडी फळी काढली. पूर्वी तिच्यात मेंबरांची पत्रं ठेवत. चाळीस खोकी, प्रत्येकावर नंबर. त्यानं ती घासली, पुसली, फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली टिनाच्या शेडमध्ये टांगली आणि शेजारी स्टूल टाकून बसला. मी विचारलं, "नोटीस तं आहे ना जी, मग हे काहून?"

म्हणाला, "नोटीस भिंतीले असते. हात माणसाचा असते. हात पुढं केला तं माणूस देते."

एकदा नवा मेंबर आला, इमारती बांधणारा. एक फोन दिला आणि वर बोलला, "मी कोण आहे माहीत आहे का तुला?"

मास्तर शांतपणे म्हणाला, "नाई जी. म्हणूनच नाव विचारून राहिलो. चिठ्ठी नाही लावली तं तुमचा फोन दुसऱ्याच्या घरी जाईन."

त्या गड्यानं दुसरा फोन मोज्यात लपवला होता. पाचव्या होलवर, म्हणजे बॉल पाडायच्या भोकापाशी, एक म्हातारे जज्जसाहेब बॉलवर वाकलेले, सगळे श्वास धरून उभे, आणि याचा मोजा वाजायला लागला. आम्ही माळी लोक तोंड फिरवून हसलो. मास्तर हसला नाही. चालत आला, टोपी काढली आणि फाटकाकडे हात केला. नियमच तसा होता. मेंबराचा फोन गवतावर वाजला तर त्या दिवसाचा खेळ संपला. तो माणूस लालबुंद झाला. मास्तरनं त्याची थैली कॅडीकडून घेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकली आणि फाटकापर्यंत त्याच्या एक पाऊल मागे चालत गेला. पुढच्या रविवारी त्या मेंबरानं फळीपाशी तीन फोन काढले. तिसरा आहे हे तोपर्यंत कोणाला माहीतच नव्हतं.

मला त्यानं शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे न दिसणारी रेघ. होलच्या भोवती बारीक कापलेलं, सतरंजीसारखं गवत असतं. त्याला ग्रीन म्हणतात. तिथे बॉल आणि भोक यांच्यामध्ये एक रेघ असते. आखलेली नसते, पण असते. तिच्यावर कोणी पाय द्यायचा नाही. गवत दबलं तर बॉल वाकडा जातो. सावलीसुद्धा पाडायची नाही. मी नवा होतो तेव्हा माझी सावली पडली एका साहेबासमोर. मास्तरनं मागून कॉलर धरून मला हळूच ओढलं.

"सावली घेऊन बाजूनं फिर."

"सावली कशी घेऊन जाऊ जी?"

"तू फिर, ते अंगासंगं येते."

घरी येऊन मी हे बायकोला सांगत असे. माझी बायको शेवंता. ती पोळ्या लाटता लाटता हसायची. "एक दिवस आणा ना त्या मास्तरले आपल्या घरी. तुमी जेवता जेवता फोन पाहून राहता, तो बरोबर हात पुढं करन." आणि खरंच तिनं ते सुरू केलं. ताट वाढायच्या आधी हात पुढे करायची. मी फोन दिला की पोळीच्या रिकाम्या डब्यात टाकून झाकण लावायची. मी तिला मास्तरीण म्हणायचो. चिडत नव्हती. आवडायचं तिला.

फळीतला फोन वाजला तर मास्तर उचलत नसे. दुसऱ्याचा फोन उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरणं, असं त्याचं मत. पण तो ऐकत असे. "एकदा वाजला तं काम," तो म्हणायचा. "दोनदा वाजला तं घाई. लागोपाठ तिनदा वाजला तं माणूस." तिसऱ्यांदा वाजला की तो एका कॅडीला धाडायचा. कॅडी ग्रीनच्या कडेला जाऊन उभा राहायचा, साहेबाचा बॉल भोकात पडेपर्यंत थांबायचा, मग कानात सांगायचा. साहेब फाटकापाशी येऊन बोलायचा. एक दिवस सोडला तर वीस वर्षांत फोन माणसाकडे गेला नाही. माणूसच फोनकडे आला.

आता जे लिहायचं ते मला जड जातं. तरी लिहितो.

शेवंता दवाखान्यात होती. छातीचं दुखणं. चार दिवस झाले होते, आदल्या संध्याकाळी उठून बसली, खिचडी खाल्ली. माझी पोरगी वंदना म्हणाली, "बाबा, तुमी कामावर जा. कप आहे ना उद्या. आई बरी आहे." मी गेलो. काहून गेलो, हे मी अजून स्वतःला विचारतो. क्लबात वर्षातली मोठी स्पर्धा होती. थंडीची सकाळ, गवतावर दव पांढरं पडलेलं. मी माझा फोन फळीच्या सोळा नंबरच्या खोक्यात ठेवला आणि सातव्या ग्रीनवर दाताळं घेऊन उभा राहिलो. ते ग्रीन फाटकापासून सगळ्यात दूर. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला वाळूचे खड्डे. मी त्याच्या पलीकडच्या टोकाला होतो.

माझा फोन तिनदा वाजला. त्या दिवशी झाडून सगळे कॅडी खेळात होते, धाडायला कोणी नव्हतं. मास्तरनं आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचा फोन उचलला. वंदना रडत होती. आईला श्वास घेता येत नव्हता, डॉक्टर घशात नळी टाकणार होते. नळी टाकली की बोलता येणार नव्हतं. आईला बाबांशी एकदा बोलायचं होतं. डॉक्टर दोन-चार मिनिटं थांबतो म्हणाले होते.

मला बोलावून फाटकापाशी न्यायला वेळच नव्हता. मास्तर फोन हातात धरून निघाला. गुडघा दुखरा, तरी पळत. मी त्याला लांबून पाहिलं आणि समजलो नाही. मास्तर, गवतावर, हातात फोन! सातव्या ग्रीनवर तेच जज्जसाहेब वाकून उभे होते. बॉल भोकापासून चार-पाच हात. तो गेला की पुढचे होल न खेळताच कप त्यांचा. मास्तरला माझ्यापर्यंत यायला ग्रीनला वळसा घालायचा तर तळं किंवा वाळू. तो थांबला नाही. ज्या रेघेवर त्यानं कोणाची सावली पडू दिली नाही, तिच्यावरून सरळ चालत आला. दवावर त्याच्या बुटांचे ठसे उमटले. लोकांच्या तोंडाचे आ तसेच राहिले. त्यानं फोन माझ्या कानाला लावला आणि स्वतः धरून उभा राहिला.

मी मोठ्यानं ओरडलो, "शेवंता! काय झालं वं?"

तिचा आवाज अगदी बारीक आला. "हळू बोला जी. तुमचा मास्तर रागावन."

मास्तर माझ्या कानाशीच उभा होता. त्यानं ऐकलं. फोन माझ्या कानाशी आणखी घट्ट धरला.

ती म्हणाली, "वंदनाले रागावू नका. तिनंच तुमाले कामावर धाडलं म्हणून मनात धरू नका."

"नाई धरत," मी म्हटलं. "मी आलोच. येऊनच राहिलो."

"जेवून या," ती म्हणाली. मग फोन कोणीतरी घेतला.

हे चालू असताना जज्जसाहेब बॉलपासून बाजूला झाले होते आणि पाठ करून उभे होते. त्यांचं बघून बाकी सगळ्यांनी पाठ केली. वीस-पंचवीस माणसं होती. कोणी खोकलंसुद्धा नाही. असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. मी निघाल्यावर साहेबांनी बॉल मारला. तो मास्तरच्या ठशावर अडखळला आणि भोकाच्या बाजूनं निघून गेला. शेवटी कप दुसऱ्याला गेला.

शेवंता त्यानंतर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गेली.

कॅडी किंवा माळी गवतावर फोन घेऊन गेला तर आठ दिवस फाटकाबाहेर, असा नियम होता. मास्तरनं त्याच दिवशी शिक्षेच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "अहो मास्तर, कशाला? कोणाची तक्रार नाही." जज्जसाहेबही म्हणाले, "मी माफ केलं."

मास्तर म्हणाला, "तुमी माफ केलं, तुमचं मोठेपण. पण रेघ मोडली, तुमचा कप गेला. मी चांगल्यासाठी मोडली म्हणून ते जुडते का?"

ते आठ दिवस तो रोज माझ्याकडे आला. पहिले तीन दिवस दवाखान्यात, मग घरी. दारात बूट काढायचा, स्वतःचा फोन बंद करून बुटात ठेवायचा, आणि भिंतीला टेकून बसायचा. येणारे-जाणारे तेच ते बोलायचे, वय काय होतं, कसं झालं. मास्तर एक शब्द बोलला नाही. त्याचं ते न बोलणं मला आधारासारखं होतं. आठव्या दिवशी उठला आणि म्हणाला, "उद्या ड्युटी आहे."

मी दारापर्यंत गेलो. विचारलं, "मास्तर, काहून केलं जी?"

बुटातून फोन काढत तो म्हणाला, "तिनदा वाजला ना गा."

मी वंदनाला कधी रागावलो नाही. एकदा शब्द तोंडापर्यंत आला होता, तो गिळला. ती चार-पाच हातांची रेघ मोडली नसती, तर तो शब्द मी आयुष्यभर पोरीवर फेकत राहिलो असतो. मला माझा स्वभाव माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात मास्तर गेला. रिटायर होऊन कन्हानला मुलाकडे राहत होता. नदीच्या घाटावर क्लबाचे मेंबर आले, कॅडी आले. गाड्यांची रांग लागली. मी शेवंताची भाजीची पिशवी घेऊन गेलो होतो. घाटाच्या फाटकात उभा राहिलो आणि कोणाला काही न सांगता हात पुढे केला. जज्जसाहेब काठी टेकत आले, सगळ्यात आधी त्यांनी फोन दिला. मग एकेक करून सगळ्यांनी. त्या मोज्यातल्या मेंबरानं तीन दिले. पिशवी इतकी जड झाली की दोन हातांनी धरावी लागली.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. नदीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आणि माझ्या पिशवीत एक फोन वाजला. वाजून थांबला. काम असेल. पुन्हा वाजला. घाई असेल. मी पिशवी पोटाशी घट्ट धरली, आवाज दाबला. समोर लाकडांवर मास्तर होता, शर्टाचं गळ्याचं बटन लावलेलं.

तिसऱ्यांदा वाजला.

मी हात घातला. काच फुटलेला, रबर लावलेला फोन. किसना कॅडीचा. वर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो, त्याच्या आईचा. किसना तिकडे लाकडांच्या पलीकडे उभा. मध्ये सगळे मान खाली घालून. मी सरळ निघालो. मास्तरच्या आणि माणसांच्या मधून, वाजता फोन हातात घेऊन. किसनानं कानाला लावला, त्याचा चेहरा उतरला, आणि तो पळाला. मागून कळलं, आई न्हाणीघरात पडली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं.

मी पिशवी जज्जसाहेबांच्या हातात दिली आणि घाटाच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ते काठी टेकत आले.

"चल आत. आता अग्नी देतील."

"नाई जी," मी म्हटलं. "गवतावर फोन नेला तं फाटकाबाहेर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समजले. पिशवी सांभाळत परत आत गेले.

भिंतीवरून धूर वर आला तेव्हा मी बाहेरूनच टोपी काढली.