उकिरड्याजवळची माती

नाना पहिल्यांदा नजरेत भरले ते माती निवडताना. दोंडाईच्याजवळच्या त्या गावात मी कृषी सहायक म्हणून नवीनच रुजू झाले होते. आणि हे गृहस्थ ओट्यावर सूप घेऊन बसलेले. बाया तांदळातले खडे काढतात तसे ते काळ्या मातीतले खडे वेचत होते.

"हे काय चाललंय, नाना?"

"तुमनीच माटी शे, ताई. तपासाले धाडानी शे ना?"

आदल्याच दिवशी मी चावडीवर घसा फोडून सांगितलं होतं. वावरात ठिकठिकाणी खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करा, बांधावरची नको, खताच्या ढिगाजवळची तर नकोच नको. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. सर्वांत जोरात नानांनी.

अहवाल आला. नत्र भरपूर! मी हरखले. नानांच्या गव्हाचा युरिया निम्म्यावर आणला आणि 'बघा, खर्च वाचला' म्हणून भाव खाल्ला. पहिल्या पाण्यानंतर शेजाऱ्यांचा गहू काळाभोर हिरवा झाला. नानांचा मात्र कावीळ झाल्यासारखा. माझी झोप उडाली. धुळ्यात देवपूरच्या माझ्या घरी बसून मी त्या प्रयोगशाळेला नाही नाही ते बोलले. नाना मात्र पारावर खुशाल सांगत होते, "नवं वाण शे. पिवयंच राहस." दोघांनी तर माझ्याकडे त्या वाणाचं बी मागितलं, आता बोला!

शेवटी अक्कांनीच, म्हणजे नानांच्या बायकोने, भांडं फोडलं. "ताई, माटी कोठली लिन्ही ते ईचारं का? जुना उकिर्डा व्हता, तठली!"

मी नानांकडे पाहिलं. माणूस जरा तरी ओशाळावा? छे!

"पोर दखाले पाव्हना येतस तव्हय तिले फाटेल लुगडं नेसाडतस का? कागदवर 'कमी' लिखीसन ऊनं ते गावमा तोंड कसं दखाडू?"

कपाळ माझं! दुसऱ्या पाण्याला युरिया देऊन निम्माशिम्मा गहू वाचवला. पुढच्या साली मी स्वतः कुदळ घेऊन गेले. नाल्याकडच्या, पाणी साचून चिबड झालेल्या कोपऱ्यात खणायला लागले, तशी नाना पाठ करून उभे राहिले. "आठे नको ना, ताई," एवढंच म्हणाले. खरा अहवाल आला, शेणखत पडलं, युरिया दोन हप्त्यांत दिला, आणि गहू असा आला की रस्त्याने जाणारे थांबून बघायचे. नाना सगळ्यांना सांगायचे, "मनी माटीच गुणनी शे." माझं नाव कुठेच नाही. मला हसूही यायचं आणि त्यांच्यावर मायाही.

पुढे त्यांच्या पायाला जखम झाली, ती भरेना. रक्तात साखर निघाली. एकदा ओट्यावर त्यांनी मला मोठ्या आनंदाने बातमी दिली, "डॉक्टर खुश व्हई ग्या. गोयी निम्मी करी दिन्ही!"

पायावरची पट्टी तर ओलीच होती. मला शंका आली. खोदून विचारलं, तेव्हा कळलं की तपासणी जवळ आली की नाना चहा, गूळ, भात सगळं सोडायचे, कारलं खायचे, सकाळ-संध्याकाळ मारुतीपर्यंत चालायचे. आणि रक्त देऊन झालं की थेट दोंडाईच्याची जिलेबी.

"अहो नाना, ही तर पुन्हा उकिरड्याचीच माती!" मी ओरडलेच. "अशाने पाय जाईल तुमचा!"

"डॉक्टर मोठा माणूस शे, ताई. त्याले खराब रगत कसं दखाडू?"

मी अक्कांना सांगितलं, अक्कांनी डॉक्टरांना. पण तोवर पाय काळा पडला होता. धुळ्याला नेलं. गव्हाचे दाणे भरत असताना नाना गेले. मला त्यांचा फार राग आला, अजून येतो. एवढ्याशा इज्जतीपायी असा जीव घालवतात का कुणी?

तेराव्याला, गंधमुक्तीच्या दिवशी, अंगणात मांडव होता. एकेक जण उठून श्रद्धांजली वाहत होता. नाना निर्व्यसनी, नाना दिलदार, नाना प्रगतिशील शेतकरी. माझी पाळी आली. मीही उठले आणि सांगितलं, की माती परीक्षण करून खत देणारा असा जाणता शेतकरी मी दुसरा पाहिला नाही. माना डोलल्या.

परत येऊन अक्कांच्या शेजारी बसले. त्यांनी पदराने डोळे पुसले, माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या,

"ताई, तुमीबी उकिर्डानीच माटी लिन्ही."