जागा वगळून

मी मूळची साताऱ्याकडची. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी बोईसरला आले आणि काही वर्षं तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम केलं. काम म्हणजे कुठल्या माणसाला कुठलं फोल्डर दिसावं, कुठलं दिसू नये, एवढंच पाहायचं. ‘मॅडम, फोल्डर नहीं खुल रहा’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले. तिथे प्रत्येकाला दुसऱ्याचं सगळं पाहायला हवं असायचं आणि स्वतःचं मात्र कुणाला दाखवायचं नसायचं. मी मुळात तापट. एक दिवस वैतागून ती नोकरी सोडून दिली.

मग किनाऱ्यावर, दांडीच्या बाजूच्या एका गावात मच्छीमार सोसायटीला संगणक येणारं माणूस हवं होतं, तिथे लागले. माझी निवड का झाली, ते चेअरमननी नंतर चहा पिता पिता सांगितलं. “तुमी घाटावरच्या. तुमाला समुद्रातलं काय कळत नाय. चावी तुमच्याकडंच बरी.”

चावी म्हणजे फोल्डरांची. माशांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेनं सोसायटीला माहिती ठेवायला एक ऑनलाइन प्लॅटफॉर्म दिला होता. त्यावर प्रत्येक बोटीचं एक खाजगी फोल्डर आणि सगळ्यांचं मिळून एक सामायिक. कारखान्यातल्या शिकलेल्या साहेबांना हा फरक समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. इथे मी तोंड उघडायच्या आत एक म्हातारा म्हणाला, “म्हंजे माशाची जागा घरची नि खडकाची जागा गावाची. त्यात काय सांगायचं?” गावाची रीतच तशी. एखाद्याचं जाळं बुडालेल्या होडीवर फाटलं, तर संध्याकाळपर्यंत किनाऱ्यावर सगळ्यांना कळतं. ज्याच्याशी बोलणं नाही त्यालासुद्धा निरोप जातो. पण घोळ मासा कुठे लागला, हे माणूस सख्ख्या मेव्हण्यालाही सांगत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका बाबतीत मात्र कुणी माझं ऐकलं नाही. खाजगी फोल्डर उघडताना एक रकाना येतो, मालक नसेल तेव्हा हे कुणाला दाखवायचं? एकाही तांडेलानं तो भरला नाही. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीचा कर्ता माणूस. “जित्या मानसाचा वारस विचारतेस, ताई? आमाला उद्या समुद्रात जायचं हाय.” सगळ्यांचे रकाने कोरे राहिले. कोरा रकाना असला की त्या फोल्डरचा निर्णय सोसायटीच्या कमिटीकडे जातो, हा प्लॅटफॉर्मचा नियम. आता एकेकटे येतात, इकडेतिकडे बघत हळूच नाव सांगून जातात. तेव्हा कुणी येत नव्हतं.

त्या तांडेलांमध्ये एक फार जुना माणूस होता. मी त्यांना काका म्हणायची. दम्यामुळे त्यांचं समुद्रावर जाणं सुटलं होतं आणि बोट धाकटा भाऊ चालवत होता. काकांच्या साऱ्या जागा डोक्यात. अणुऊर्जा केंद्राची चिमणी डोंगराच्या कुठल्या खांद्यावर आली की थांबायचं, देवळाचा झेंडा कुठल्या माडाआड गेला की जाळं सोडायचं, पाणी किती वाव खोल. एका बैठकीत सगळं आठवायचं नाही आणि लिहिणं त्यांना जमत नव्हतं. म्हणून आठवेल तसे ते ऑफिसात येऊन बसायचे आणि मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून त्यांच्या फोल्डरात ठेवायची. यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. प्रत्येक वेळी बोलून झालं की पुढे वाकून विचारायचे, “बरोबर झालं का गो?” मी नुसती मान हलवायची.

होळीनंतर काका गेले. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं की मला उगाच राग यायचा.

भावाला फोल्डर उघडून द्यायचं कमिटीनं लगेच ठरवलं. बोट तीच, घर तेच, त्यात वाद नव्हता. वाद पुढे आला. काकांना एकच मुलगी, दातिवऱ्याला दिलेली. दिवसकार्य उरकल्यावर ती दोन गाड्या बदलून ऑफिसात आली आणि मला म्हणाली, “बाबाचा आवाज हाय ना तुमच्याकडं?”

घरात काकांचे फोटो होते, आवाज कुठेच नव्हता. फोन वाजला की ते बायकोच्या हातात द्यायचे. मुलीच्या लग्नाचं शूटिंग होतं, पण त्यात काका तोंड हलवताना दिसायचे आणि ऐकू यायचा तो बँड. ती मला हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज अगदी शांत होता. मला वाटलं, आत्ता एक क्लिक केलं की हिचं काम होईल. पण ती चावी गावानं मला अशी परस्पर वापरायला दिली नव्हती.

कमिटी बसली. मुलगी दाराजवळच्या बाकावर, काकांचा भाऊ भिंतीला टेकून. अडचण सगळ्यांना ठाऊक होती. ती चेअरमननी बोलून दाखवली. मुलीचा सासरा तांडेल, नवरा त्याच बोटीवर, आणि दातिवऱ्याच्या बोटी आपल्याच पाण्यात उतरतात. जो आवाज ऐकेल त्याला जागा कळणार. एकानं सुचवलं, घरी नेऊ नको, इथंच बसून ऐक. दुसरा म्हणाला, कानात शिरलेलं इथं ठेवून जाता येतं काय?

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “ती त्यांची मुलगी आहे.”

“पोरगी हाय ते आमाला कळतं, ताई,” चेअरमन म्हणाले. “आमच्यासमोर वाढली ती. पन जागा एकदा गेली की परत येत नाय.”

भाऊ खाली मान घालून बसला होता. त्याचं पोट त्याच जागांवर होतं, आणि समोर भावाची लेक होती. मला त्याचाही राग आला आणि लगेच कीवही आली.

मग मुलगीच बोलली. “मला जागा नको. सासरा मानूस चांगला हाय. पन त्यानं उद्या विचारलं तर मला खोटं बोलता यायचं नाय, त्याच्या घरात जेवते मी. नि खरं सांगितलं तर इकडं तोंड दाखवता यायचं नाय. जागा वगळून जे उरंल तेवढं द्या.”

काकांच्या भावानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. “जागा वगळल्यावर उरंल काय?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. कमिटीनं मला सगळं ऐकून तेवढंच वेगळं काढायला सांगितलं. दुपारी ऑफिस रिकामं झालं की मी कानाला हेडफोन लावून बसायची. मूळ रेकॉर्डिंगला हात न लावता त्याच्या प्रतीतून चिमणी काढायची, डोंगर काढायचा, झेंडा आणि वाव काढायचे. उरायचा खोकला. पाणी मागणं. “थांब, चुकलो.” बाहेर वलांडीच्या बांबूंवर सुकत घातलेल्या बोंबलांना तोंड लावणाऱ्या मांजरीला दिलेली शिवी. आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी, “बरोबर झालं का गो?” पुढे काहीच नाही. मान हलवलेली रेकॉर्ड होत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. काका विचारत होते आणि उत्तर कुणी देत नव्हतं. ते ऐकताना मी रडले.

एका ठिकाणी मात्र मी अडले. एक जागा सांगता सांगता काका मध्येच म्हणाले होते, “हितं पोरीला नेलेली एकदा. एवढीशी व्हती. सारखी उलटी करी, नि परत हसे.” आधी खुणा, नंतर खुणा, मधे एवढंच. खुणा काढता येत होत्या, पण ही जागा कुठली ते तिला आठवत असलं तर? मी एकटीनं ठरवण्याची गोष्ट नव्हती. मी काकांच्या भावाला बोलावून ऐकवलं.

त्यानं हेडफोन काढून हातात धरला. मग म्हणाला, “दे. तिचं तोंड सारं बालदीत व्हतं. तिनं डोंगर कुठं बघितला असंल?” हसायला गेला आणि त्याला हसू आलं नाही.

सगळे तुकडे जोडून मी नवीन फोल्डर केलं आणि प्रवेश फक्त मुलीला दिला. काकांच्या भावाला नाही, कमिटीला नाही. पण फोल्डर असं बंद करण्याआधी एकही खूण राहिली नाही ना, हे चेअरमननी ऐकून बघायचं ठरलं होतं. मांजरीच्या शिवीपर्यंत त्यांनी ऐकलं, आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “द्या तिला,” म्हणाले, आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मुलगी पुन्हा आली तेव्हा मी तिच्या फोनवर फोल्डर उघडून दिलं. ती खिडकीशी गेली. फोन कानाला धरून, बोलणं चालू असल्यासारखी ऐकत राहिली. मांजरीपाशी तिला हसू आलं. उलटीपाशी तिनं पदर तोंडाला लावला. मी उगाच कागद आवरत होते.

शेवटचं आलं. खोलीत एवढी शांतता होती की फोनमधून मलाही ऐकू आलं, “बरोबर झालं का गो?”

“झालं, बाबा,” ती म्हणाली. “बरोबर झालं.”

मग तिनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.