आंधळी कोशिंबीर आणि अडलेलं नाव

बायांनो, हसू नका, पण आज रेवदंड्याच्या वाळूत माझी पार फजिती झाली.

आमचे हे शिमग्याला मुंबईहून आगबोटीने आलेत. उन्हं कलल्यावर मुलांनी घरच्या सगळ्यांना आंधळ्या कोशिंबिरीला ओढलं आणि पहिलं राज्य माझ्यावर आलं. डोळ्यांवर पट्टी; हाती लागेल त्याचं नाव सांगायचं, तरच सुटका.

पहिल्याच झेपेत एक बाही हाती लागली. मुंबईच्या साबणाचा वास! लगेच ओळखलं. पण नाव कसं घेणार? शेजारीच सासूबाई बसलेल्या.

"आमचे हे," मी म्हणाले.

"असं न्हाय चालत! नाव घे!" मुलं ओरडली.

सोडलं आणि पुन्हा चाचपडत निघाले. तर हा माणूस मुद्दाम पुन्हा पुन्हा हाताशी येतो! शेवटी सासूबाईच वैतागल्या, "घे गो एकदाचं, काळोख पडंल."

मग उखाणा जुळवून नाव घेतलं. (इथे लिहिणार नाही!) पट्टी त्यांच्या डोळ्यांवर गेली.

आता मी मुद्दाम त्यांच्या हाताशी गेले. त्यांनी मनगट धरलं, बांगड्या चाचपल्या आणि हसले. "अगं"च्या पुढे गाडी सरकेना.

"बाबा, विसरलात?" धाकटीने विचारलं.

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नाव लिहिलं, ते यांनीच!

काळोख पडला, आम्ही घरी आलो, जेवलोही. ह्यांच्यावरचं राज्य अजून उतरलेलं नाही. तुमचे हे सुटले असते का?