येळवशीचा कडबा

"जनावर याला तोंड लावत नाही," असं लातूरहून आलेला साहेब मारुतीच्या पारावर उभा राहून म्हणाला, आणि सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. चाकूरकडच्या आमच्या गावात इतक्या जोराच्या टाळ्या मी कुणाच्या लग्नातसुद्धा ऐकल्या नव्हत्या. गवती चहाचं तेल निघतं, ते साबणाला लागतं, अत्तराला लागतं, औषधाला लागतं. एकदा ठोंब लावले की चार-पाच वर्षं कापत राहायचं. हरीण खात नाही, डुक्कर खात नाही, राखणीला जायला नको. सगळं खरं होतं. साहेब एका शब्दानं खोटं बोलला नाही, तेवढं त्याच्या पदरात टाकते.

मी बायकांत मागं बसले होते. तिथूनच विचारलं, "मग जनावरानं खायचं काय?"

सगळे हसले. माझा चुलत दीर, जो त्याच दिवशी गवती चहाच्या शेतकरी गटाचा अध्यक्ष झाला, तो पारावरून ओरडला, "वहिनी, तुमच्या म्हशीला बी गटात घेताव की! सभासद करताव!" परत हशा. आमचे मालक पण हसले. बाकीच्यांचं मला काही वाटलं नाही, पण यांनी हसावं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी त्याच म्हशीच्या दुधाचा चहा पिऊन सभेला आले होते.

म्हैस माझी होती. आमच्या घरात 'माझं' म्हणावं असं तेवढंच. जमीन यांच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, आणि मी राबायला. वगार होती तेव्हा माझ्या भावानं कंधारकडून, माझ्या माहेराहून, टेम्पोत घालून आणून दिली होती. पुढं तिच्या दुधावर लेकीची लातूरची मेस निघायची, घरातली साखर-पत्ती निघायची, मला कधी चप्पल घ्यायची झाली तर कुणाच्या तोंडाकडं बघावं लागायचं नाही. म्हैस गेली की मी परत हात पसरणारी बाई. हे मला त्या पारावर बसल्या बसल्या कळलं होतं. हुशार म्हणवणाऱ्यांना ते वर्ष उलटलं तरी कळलं नाही.

गट झाला. तेल काढायच्या भट्टीचं पोट मोठं, एकदा पेटवली की गाड्यांवर गाड्या गवत मागते, म्हणून सगळं शिवार एकसारखं लावायचं ठरलं, बांधाला बांध लावून. कापणी सावडीनं, म्हणजे आज सगळे तुमच्या रानात, उद्या सगळे माझ्या. आता खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला पण बरं वाटलं. पहिल्यांदा भट्टीतून तेल उतरलं त्या दिवशी सगळ्या बायकांनी बोट बुडवून मनगटाला लावलं आणि दिवसभर हात हुंगत फिरलो. एकत्र करण्यात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते ठरवणाऱ्यात. गवत लावायचं म्हणजे जवारी बंद, हे त्यांना कळत होतं. जवारी बंद म्हणजे कडबा बंद, हे काय साहेबानं लातूरहून येऊन सांगायचं होतं?

लावणीच्या वेळी मी यांना म्हटलं, विहिरीजवळचा एक पट्टा सोडा. जास्त नको, म्हशीपुरती जवारी पेरते. "पेर की," म्हणाले. मी पेरली. हस्ताच्या पावसावर ती अशी वर आली की बांधावर उभं राहून बघत बसावं वाटायचं. गुडघ्याला लागली तेव्हा लेकीला ताप आला म्हणून मी लातूरला गेले. परत आले तर विहिरीजवळ ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणा, जवारी मातीत गाडलेली, आणि वर गवती चहाचे ठोंब ओळीनं उभे. पाणी पण देऊन झालं होतं.

मी यांना विचारलं, "हे कुणी केलं?"

"गटाचा नियम हाय. एका शिवारात एकच पीक. मधीच दुसरं ठेवलं की बाकीचे बी मागतेत."

"नियम कुणी केला?"

"सगळ्यांनी मिळून."

"मी न्हवते का सगळ्यांत?"

हे टोपी डोक्यावर घालून बाहेर निघाले. आमच्या यांचं हे असंच. दुसऱ्याला नाही म्हणायचं झालं की जीभ टाळूला चिकटते, आणि बायकोला सांगायचं झालं की गटाचा नियम. त्या रात्री मी भाकरी थापली, वाढली, आणि एक अक्षर बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

पहिल्या सालची येळवस, आमची मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, जुन्या कडब्यावर निघाली. उन्हाळा लागला तसे दारादारांतले गोठे रिकामे व्हायला लागले. बौद्ध वस्तीतली एक मावशी दरसाल माझ्यासोबत जवारीच्या काढणीला यायची. तिला मजुरीत पेंढ्या मिळायच्या, त्यावर तिची गाय वर्षभर निघायची. आता काढणीच नाही तर पेंढ्या कुठल्या? सगळ्यात आधी तिची गाय गेली. मग एकेकाचे बैल. मग माझ्या जावेची म्हैस, अध्यक्षसाहेबांच्याच दारातली, हाळीच्या गुरांच्या बाजारात गेली. जाऊ चार दिवस घराबाहेर आली नाही. विचारलं तर म्हणाली, "अंगात कणकण हाय." कसली कणकण! मला काय कळत नव्हतं?

मी शेजारच्या गावांतून सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीचा भुसा, आणून घातली, उसाचं वाढं मागून आणलं, बांधाबांधानं हिंडून हाताएवढं गवत कापलं. साहेब म्हणाला, भट्टीतून उकडून निघालेलं गवत घाला, खातात जनावरं. घातलं. म्हशीनं हुंगलं, फुर्रकन नाक उडवलं आणि टोपलं शिंगानं पालथं केलं. दोन दिवस उपाशी ठेवली तेव्हा थोडं खाल्लं, माझ्याकडं बघत बघत खाल्लं. आणि दुसऱ्या दिवशी डेअरीवरच्या पोरानं माझं दूध हुंगून बाजूला ठेवलं. म्हणाला, "काकू, चहा करूनच आणलाव का?" सगळी रांग खो खो हसली. मी ते दूध तिथंच मोरीत ओतलं आणि घरी येईपर्यंत साहेबाला, दिराला आणि आमच्या यांना जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या घातल्या. रस्त्यानं माणसं बघत होती. बघू देत.

शेवटी भावाला फोन केला. त्यानं काही विचारलं नाही. दिवाळी झाली आणि कंधारकडून कडब्यानं भरलेली गाडी दारात उभी राहिली. आईनं स्वतः उभं राहून पेंढ्या निवडून भरायला लावल्या होत्या म्हणे, हिरवट, पानाच्या. मी परसात गंजी रचली, वर ताडपत्री टाकली. काटकसरीनं घातला तर होळीपर्यंत पुरेल असा हिशोब होता. पुढचं पुढं बघू, पण होळीपर्यंत म्हैस माझ्या दावणीला राहणार होती.

आणि आली येळवस. त्या दिवशी आमच्याकडं गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळं गाव रानात. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोपटीएवढा कोप करायचा, आत पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडायचे, बेसनात शिजवलेल्या मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील, पिठाच्या उंड्यांचा निवद दाखवायचा, आणि वाटेनं जाणाऱ्याला ओढून आणून जेवू घालायचं. कोपाशिवाय येळवस नाही. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी गावाला साक्षात्कार झाला की आमचं घर सोडून कुणाच्याच घरात कडबा नाही!

तुम्हाला वाटेल मी बनवून सांगते. सगळं शिवार गवतानं भरून टाकलं, गोठे मोकळे केले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की येळवशीला कोप कशाचा करायचा. दीर दोघा-चौघांना घेऊन माझ्या दारात आला.

"वहिनी, घरटी पाच-पाच पेंढ्या द्या. देवाचं काम हाय."

मी म्हटलं, "गवती चहाचा कोप करा की. लई वास येतो म्हणता."

"तसं चालत न्हाई. कोपाला जवारीचीच पेंढी लागती."

"बरं! म्हणजे म्हशीला पण ते गवत चालत न्हाई आणि देवाला पण चालत न्हाई. मग लावलं कुणासाठी? न्हाई देणार. एक धाट देणार न्हाई."

"देवाला न्हाई म्हणून राहिलाव तुम्ही."

"तुम्हाला म्हणून राहिले. देव आला तर त्याच्याशी मी बोलते."

ते गेले. आमचे हे ओसरीवर बसून होते, तोंड उघडलं नाही. मला वाटलं, चला, यावेळी तरी माझ्या बाजूनं गप्प बसले.

येळवशीचा स्वयंपाक भल्या पहाटे लागतो. बायका चुलीपुढं वाकल्या की त्यांना बाहेरचं काही कळत नाही. भज्जी उतरवली, उंडे वाफवले, आंबिलीत ताक घातलं, आणि उजाडल्यावर म्हशीला टाकायला परसात गेले. ताडपत्री बाजूला घडी करून ठेवलेली. गंजी अर्ध्याच्या खाली आलेली. चोरी म्हणावी तर ताडपत्रीची अशी व्यवस्थित घडी चोर घालत नाही. ती घडी यांचीच. माझं रक्त खवळलं! माझ्या आईनं निवडलेल्या पेंढ्या हो त्या! यांनी गावाला वाटल्या आणि स्वतः रानात जाऊन बसले देवाचा कोप करायला.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही दुरडी घेऊन व्हा पुढं." पूजा आटोपायला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला आणि म्हशीचं दावं सोडलं.

पहिलं रान लागलं ते आमचंच. पूजा झाली होती, निवद दाखवून झाला होता, तेवढं मी पाहिलं. मग दावं सैल सोडलं. म्हशीला सांगावं लागलं नाही. तिनं कोपात तोंड घातलं आणि एक पेंढी ओढली, कोप एका अंगाला कलला. हे उठून धावत आले. "अगं, येड लागलं का? पूजेचा कोप हाय!" मी फक्त यांच्याकडं बघितलं. काय बघितलं असेल ते असेल, हे दोन पावलं मागं सरले.

तिथून शेजारच्या रानात, तिथून पलीकडच्या. पोरं ओरडत मागं यायला लागली, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, काही हसत नव्हत्या. कुणी आडवं आलं की मी म्हणायचे, "हिचा कडबा हाय, हिला घेऊ द्या." दोन्ही बाजूंनी कमरेएवढं हिरवंगार गवत, त्याकडं ती ढुंकूनही बघत नव्हती. अशी आमची जत्रा दिराच्या रानात पोहोचली. तिथं लातूरचा साहेब पंगतीला बसला होता, पानात भज्जी, हातात आंबिलीचा पेला. दीर लालबुंद झाला.

"वहिनी, पाव्हण्यांच्या पुढं तमाशा करून राहिलाव! एक दिवस दम निघत न्हाई का? उद्या कोप मोडून जनावरालाच टाकायचा हाय की!"

"कुणाच्या जनावराला?" मी विचारलं.

दीर बोलणार काय? त्याच्या दारात जनावर नव्हतं. पंगतीत बसलेल्या एकाच्याही दारात नव्हतं. साहेब पेल्यात बघत बसला.

तेवढ्यात जाऊ वाढायची पळी खाली ठेवून उठली. मला वाटलं, आता ही मला बोलणार, तिच्या रानातली पूजा होती. ती कोपाजवळ गेली, दोन्ही हातांनी पेंढी उपसली, सोडली, आणि म्हशीच्या पुढ्यात धरली. "खा माय," म्हणाली, "तू तरी खा." आणि नवऱ्याकडं वळून सगळ्यांदेखत मोठ्यानं रडायला लागली. "माझी कुठं हाय? सांगा की. कुणाच्या दावणीला बांधलाव माझी?"

कुणी जेवलं नाही त्यानंतर. म्हैस मात्र पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ घेऊन विहिरीजवळच्या पट्ट्यात उतरले. ठोंब जमिनीला घट्ट धरून बसले होते, एकेक उपटताना हाताची सालं निघत होती, पानांच्या धारेनं मनगटं चिरत होती. थोड्या वेळानं जाऊ आली, दुसऱ्या टोकाला बसून ठोंब उपटू लागली. मावशी खुरपं घेऊन आली. मी तिला म्हटलं, "इथं चाऱ्याची जवारी पेरते, यातलं अर्धं कडवळ तुझं." ती म्हणाली, "आधी गाय तर येऊ दे." आणि कामाला लागली.

हे बांधावर येऊन उभे राहिले. उपटलेल्या ठोंबांचा ढीग बघितला, आमच्याकडं बघितलं.

"आता मी गटाला काय सांगू?" म्हणाले.

"सांगा, बायकोनं उपटलं. आणि त्यांनी 'का' विचारलं तर सांगा, सगळ्यांनी मिळून ठरवलं, मी घरातच होतो पण मला विचारलं न्हाई."