आतोबांचा धुरा

शेजारी देशांनी एकत्र यावं म्हणून आमच्या आतोबांइतका जीव टाकणारा माणूस उभ्या आशियात नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, नांदगाव खंडेश्वरचे संत्र्यांचे बागायतदार. लग्नाच्या पंगतीत वाढपी बुंदी घेऊन आला, की हे त्याचा हात धरून विचारणार, नेपाळचं पुढं काय? बिचारा बुंदी टाकून पळायचा. काल एकमेकांवर बॉम्ब टाकणारा युरोप आज एकाच नोटेनं भाजी घेतो, मग आपल्यालाच काय धाड भरली. आपण एक झालो तर जगात कोणाची टाप आहे आपल्याला डोळे दाखवायची, हे मी वीस वर्षं ऐकत आलोय. बांगलादेशानं संत्र्यांवरचा कर वाढवला तेव्हा तर त्यांनी ढाक्याच्या सरकारला नऊ पानी पत्र लिहिलं, मराठीत. सुरुवात होती, 'प्रिय धाकट्या भावास'.

यंदा तोडणीला मी त्यांच्या बागेत गेलो आणि हादरलोच. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, छातीइतकं बाभळीच्या काट्यांचं कुंपण. पलीकडे कोण, तर सख्खा धाकटा भाऊ! हातभर धुऱ्यापायी अकरा वर्षं बोलणं बंद. आत्यानंही कधी सांगितलं नव्हतं. न राहवून मी म्हणालो, अहो, ढाक्याला पत्रं लिहिता आणि इथं हे?

आतोबा काट्यांकडे पाहत म्हणाले, "ढाक्याले माहीत नाही ना मी कसा हावो. त्याले माहीत हाय."

त्यात व्यापारी अडून बसला. पूर्ण ट्रक भरला तरच माल नेतो, असं त्यानं दोन्ही भावांना सांगितलं. आतोबांचा माल अर्धा ट्रक, उरलेला अर्धा काट्यांपलीकडे. ट्रक येणार आतोबांच्याच बागेपर्यंत. आणि तोडलेली संत्री किती दिवस थांबणार?

सकाळी आतोबा कुऱ्हाड घेऊन धुऱ्याकडे निघाले. मी मागं धावलो. त्यांनी काटे तोडले, क्रेट जाईल एवढी वाट केली आणि तिथंच उभे राहिले. पलीकडून भाऊ आला. त्यानं एक क्रेट उचलून पुढं केला, आतोबांनी घेतला. दुपारपर्यंत दोघं म्हातारे क्रेट देत-घेत होते, तोंडातून शब्द नाही.

शेवटचा क्रेट देताना भावानं तो सोडलाच नाही. म्हणाला, "काऊन दादा, नेपाळचं काय झालं मंग?"

वीस वर्षं नेपाळवर बोलत आलेल्या या माणसाचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. पण क्रेट त्यांनीही सोडला नाही.